कोळीवाड्यातली नारळी पौर्णिमा आणि रोजचं काम: फोटो कधी, कसे, कुणाला विचारून काढायचे?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. यंदाची नारळी पौर्णिमा वरळी किंवा वेसाव्याच्या कोळीवाड्यात टिपायचा विचार आहे. नुसता एक दिवस नाही, पुढे मे महिन्यापर्यंत रोजचं कामही टिपायचं आहे: होड्या लागणं, लिलाव, बोंबील वाळवणं, जाळी विणणं, जमलं तर एखादी हळद. जवळ क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि १८-५५, ५५-२५० आणि ५० एफ/१.८ या तीन लेन्स आहेत.

प्रश्न असे:
१) नारळी पौर्णिमेला किती वाजता कुठे उभं राहायचं?
२) परवानगी नक्की कोणाची? की कोणाचीच लागत नाही?
३) पाऊस आणि खारी हवा यांतून कॅमेरा कसा वाचवायचा?
४) ससून डॉकला जाऊ का? ड्रोन चालेल का?

नेटवर सगळीकडे तेच दहा फोटो दिसतात, नऊवारी आणि सोनेरी नारळ. त्याच्या पलीकडचं काही हवं आहे.

भरती_ओहोटी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कॅमेऱ्यात नाही, पाण्यात आहे.

पौर्णिमेला आणि अमावास्येला मुंबईत पूर्ण भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि मध्यरात्री असते. म्हणजे पूर्ण ओहोटी येते संध्याकाळी सहाच्या आगेमागे. मिरवणूक चारनंतर निघते, नाचत-थांबत किनाऱ्यावर पोचेपर्यंत सहा वाजतात, आणि तोवर पाणी लांब गेलेलं असतं. नवखा फोटोग्राफर दुपारी येऊन जागा हेरतो, पायरीला लागलेल्या लाटा बघून खूश होतो. संध्याकाळी त्याच जागेवरून समोर शेवाळलेले खडक, चिखल आणि प्लास्टिक दिसतं. नारळ सोडायला लोक एकतर खडकांवरून पुढे जातात, नाहीतर धक्क्यावरून होडीत बसून खोल पाण्यात. दोन्हीची तयारी वेगळी. खडकांवर जायचं असेल तर पकड असलेले रबरी बूट घाला, स्पोर्ट्स शूज शेवाळावर हमखास घसरतात. होडीत जायचं असेल तर आदल्या दिवशी नाखव्याशी, म्हणजे होडीच्या मालकाशी, बोलून ठेवा. ऐनवेळी उडी मारून चढणाऱ्याला कोणी घेत नाही, आणि घेऊही नये.

सोपा हिशोब: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, म्हणजे गणित थोडं मागे पडतं, पण एरवी अंदाजाला चालून जातं. अचूक वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात अपोलो बंदराचे आकडे बघा. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकत जातात.

पंचांगात पौर्णिमा दोन दिवसांवर पसरली असेल तर गावाने कुठला दिवस धरलाय ते विचारा. शेजारशेजारच्या कोळीवाड्यांतही कधी कधी दिवस वेगळा असतो. ऑगस्टच्या मध्यावर सूर्यास्त सातच्या सुमारास, पण ढगांमुळे साडेसहालाच उजेड उतरतो. तुमच्या हाताशी चांगला उजेड जेमतेम तास-दीड तास असेल.

रोजच्या कामालाही हेच लागू. डोल जाळी (पाण्यात एका जागी बांधून ठेवलेली पिशवीसारखी जाळी) भरती-ओहोटीच्या ओढीवर भरतात, म्हणून होड्या परतायची वेळ घड्याळाशी बांधलेली नसते. आज सकाळी सातला आलेली होडी चार दिवसांनी सातला येणार नाही. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, काम जोरात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ओढ कमी असते म्हणून डोलीचं काम मंदावतं. जाळी दुरुस्त करणारी माणसं निवांत भेटायची तर भांगाचे दिवस धरा.

पाटीवाली

परवानगी कोणाची लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यामुळेच नंतर येणाऱ्याला शिव्या बसतात.

रस्ता सार्वजनिक आहे, कबूल. पण कोळीवाड्यात घराची ओटी, जाळी पसरायची जागा, मासळी सुकवायचं खळं आणि रस्ता हे सगळं एकात एक आहे. तुम्हाला मोकळी जागा दिसते, ती कोणाची तरी असते. म्हणून आधी मच्छीमार सहकारी सोसायटीच्या ऑफिसात जा. सेक्रेटरीला एका कागदावर मराठीत लिहून द्या: नाव, फोन, कशाचे फोटो, कुठे छापणार, किती दिवस येणार. सणासाठी गावाच्या पाटलांना किंवा जमातीच्या पंचांना वेगळं सांगा, कारण मिरवणुकीचं सगळं त्यांच्याकडे असतं. ते सोबत एक पोरगा देतील. तो पोरगा म्हणजे निम्मं काम झालं.

हा झाला गावाचा होकार. माणसाचा वेगळा घ्यायचा. सोसायटीने हो म्हटलं म्हणून पाटीवर बसलेली मावशी हो म्हणालेली नसते.

बाजारात भवानी व्हायच्या आधी कॅमेरा काढू नका. पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. आधी मासळी घ्या, भाव करा, मग विचारा. आणि लिलाव चालू असताना बोली लावणाऱ्या बाईच्या आणि टोपलीच्या मध्ये उभं राहू नका. बोली सेकंदांत तुटते. तुमच्यामुळे टोपली दिसली नाही तर तिचं नुकसान होतं, तुमचं नाही.

पसरलेलं जाळं ओलांडू नका, वळसा घाला. होडीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पूजा होते, तिच्यावर चपला घालून चढायचं नाही.

अजून एक, हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. लुगडं गुडघ्यापर्यंत असतं, कास मारलेली असते, बाई उकिडवी बसून जवळा-करंदी निवडत असते. मागून किंवा खालच्या कोनातून घेतलेले फोटो तुमच्या दृष्टीने कामाचे असतील, तिच्या दृष्टीने नाहीत. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, समोरून, बसून घ्या. लुगडं आणि सोनं हे सगळं आता बहुतेक सणाला. फोटोखाली ‘कोळी स्त्रियांचा रोजचा पोशाख’ असं लिहिलंत तर गावात हसतील. रोज गाऊन आणि त्यावर ओढणी असते, आणि तोही फोटो घ्यायला हरकत नाही. पुरुषांचा सुरका (कमरेला बांधायचा रुमाल) आणि लाल टोपी यांचंही तेच.

अंगात आलेल्या बाईचा फोटो नाही. देवघरात विचारल्याशिवाय नाही. हळदीत मांडव आणि नाच खुशाल घ्या, पण धवलारीण धवले (लग्नविधीची गाणी) म्हणत असते तेव्हा तिच्या तोंडासमोर फ्लॅश मारू नका. तो विधी चाललेला असतो, ऑर्केस्ट्रा नाही.

काळा_पांढरा

तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

कॅमेऱ्याला धोका नुसत्या पावसाचा नाही, एसीचाही असतो. एसी गाडीतून किंवा लोकलच्या एसी डब्यातून उतरून थेट दमट हवेत कॅमेरा काढला की पुढच्या काचेवर आणि कधी आतही धुकं धरतं. पुसून उपयोग नाही, परत येतं. कॅमेरा घट्ट बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास पिशवी तशीच बंद राहू द्या. बाष्प पिशवीवर बसेल, काचेवर नाही.

पावसाला महागडं आवरण नको. जाड पारदर्शक पिशवी, लेन्सहूडवर रबरबँडने ताणून बसवायची, पुढचा भाग कापायचा, खालून हात घालायचा. हूड लावलेलाच असू द्या, निम्मे थेंब तोच अडवतो. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका; त्या दिवसापुरती एकच ठरवा. १८-५५ पुरे आहे. ५५-२५० घरी ठेवा असं माझं स्पष्ट मत, कारण खाली देतो.

खारे तुषार कोरड्या फडक्याने पुसू नयेत. मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. सुती फडकं गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा, आधी टिपून घ्या, मग हलकं पुसा, मग कोरडं. हे त्याच रात्री करा. बॅटरीच्या झाकणाची फट, हॉटशू (वरची फ्लॅश लावायची खाच) आणि पट्ट्याच्या कड्या विसरतात लोक, गंज तिथूनच सुरू होतो. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर लावा, मासळीची बुळबुळ आणि खवले त्याच्यावर बसू देत.

आता आकडे. ढगाळ दुपारी एफ/४, आयएसओ ४०० ला शटर १/१००० सेकंद सहज मिळतो. साडेसहाच्या सुमारास तेच एफ/४, आयएसओ १६००, १/५००. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी १८-५५ हात टेकते, तिथे ५० एफ/१.८ काढा: एफ/२.८, आयएसओ ३२००, १/१६० च्या आसपास. नाचासाठी १/२५० च्या खाली जाऊ नका, नाहीतर चेहरे पुसट येतात.

कॅमेऱ्याच्या उजेड-मोजणीत दोन गोष्टी फसवतात. एक, पांढरं आकाश. समुद्राकडे तोंड करून घेतलं की कॅमेरा आकाशाला धरतो आणि सावळे चेहरे काळे करतो. गुडघ्यावर बसू नका, उलट एक पायरी वर चढा, म्हणजे मागे आकाशाऐवजी पाणी किंवा माणसं येतील. तरी उजेड अर्धा ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). दोन, सोनं. गळ्यातल्या दागिन्यांवर ऊन पडलं की ते पांढरे जळतात आणि परत आणता येत नाहीत. ऊन थेट असेल तर दोनतृतीयांश स्टॉप कमी करा, रॉमध्ये घ्या, चेहरा नंतर उचला.

पहाटेच्या बाजारात दिवे लुकलुकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. १/२५० ठेवलात तर एक फोटो पिवळा, पुढचा अंधारा, तिसऱ्यात आडवा पट्टा. १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जातील. निळ्या ताडपत्रीखाली चेहरे निळे पडतात आणि नंतर कितीही रंग सुधारा, कोळंबी जांभळीच दिसते. माणसाला हलवू नका, तुम्ही हला: ताडपत्रीच्या कडेला जिथे बाहेरचा उजेड चेहऱ्यावर येतो तिथे जागा धरा.

फ्लॅश नको.

५५-२५० बद्दल. लांबून टिपलेला चेहरा ‘नैसर्गिक’ येतो हा समज आहे. येतो तो गर्दीत एकटा पडलेला चेहरा, मागचं सगळं धूसर. मग तो वरळीतला आहे की वेरावळचा, काय फरक? कामाचा फोटो असेल तर हात, हत्यार, मासळी आणि जागा एका चौकटीत हवी. २४-२८ एमएमला दीड मीटरवरून ते मिळतं, आणि दीड मीटरवर उभं राहायचं तर ओळख करून घ्यावीच लागते.

भरती_ओहोटी

@काळा_पांढरा, बाकी सगळं मान्य, पण ५५-२५० घरी ठेवा हे पटत नाही. होड्या सजून एकामागून एक निघतात तेव्हा त्या धक्क्यापासून शंभर-दीडशे मीटरवर असतात. १८-५५ मध्ये काडेपेट्या दिसतील. माणसांना नको, होड्यांना हवी.

काळा_पांढरा

होड्यांना हवी, मान्य. पोरगा सोबत असेल तर त्याच्या खांद्यावर द्या ती लेन्स.

उत्तनकर

चर्चा वरळी-वेसाव्यातच फिरते आहे म्हणून थोडं उत्तरेकडे. वसई, अर्नाळा, उत्तन, गोराई या पट्ट्यात ख्रिस्ती कोळीही आहेत. तिथे हंगामाच्या सुरुवातीला फादर होड्यांना आशीर्वाद देतात. त्याची परवानगी सोसायटीकडे नाही, चर्चमध्ये मागायची, आणि मिसा (चर्चमधली उपासना) चालू असताना मधल्या वाटेवर फिरायचं नाही. कोळीवाडा म्हणजे एकच धर्म, एकच सण असं धरून चाललात तर निम्मा किनारा सुटतो.

बोंबलांसाठीही इकडेच या. पाऊस गेल्यावर ऑक्टोबरपासून वलांड्या भरतात. वलांडी म्हणजे बांबूंचा सांगाडा आणि त्यावर ताणलेल्या दोरांच्या ओळी, कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरावर टाकतात, गाठ नाही, काही नाही. ही अडकवण्याची क्रिया फार झरझर चालते. फोटोत पकडायची तर १/५००, एफ/५.६, फोकस दोरावर आधीच लावून ठेवा आणि हात चौकटीत यायची वाट बघा. हाताच्या मागे धावलात तर फोकस नेहमी मागच्या ओळीवर बसतो.

उजेड समोरून घ्या, म्हणजे सूर्य बोंबलांच्या मागे. ताजा बोंबील अर्धपारदर्शक असतो. पहिल्या दिवशी सकाळी आठ-नऊला त्यातून उजेड आरपार येतो, मधला काटा दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो आकसून पिवळट होतो आणि ही गंमत संपते. म्हणून कुठली वलांडी कालची आणि कुठली आजची ते विचारून घ्या. वाळायला ऊन कसं आहे त्यावर तीन-चार दिवस लागतात. अवकाळी पाऊस आला की सगळे एकदम धावतात, माल खाली काढतात. त्या वेळी कॅमेरा बाजूला ठेवून टोपली धरलीत तरी चालेल.

जवळा जमिनीवर पसरतात. त्याच्या कडेने चाला. बुटाची वाळू जवळ्यात गेली की तो माल खाताना कचकचतो आणि भाव पडतो.

निवांत

ससून डॉक: १८७५ चा जुना धक्का, पहाटे पाचच्या सुमारास लिलाव सुरू. पण आत फोटो काढायला बंदर प्राधिकरणाची लेखी परवानगी लागते, शेजारी नौदलाचा परिसर आहे, गेटवरचे लोक मोबाइलसुद्धा खिशात घालायला लावतात. २०१७ मध्ये तिथे कलाप्रदर्शन झालं तेव्हा हजारो लोक फोटो काढून गेले, त्यावरून आजही ‘चालतं’ असा गैरसमज आहे. परवानगीशिवाय जाऊ नका. कोळंबी सोलणाऱ्या बायकांवर तर कॅमेरा रोखूच नका. किलोवर मजुरी असते, मान वर करून हसायला सांगाल तेवढा वेळ त्यांचा जातो.

ड्रोन: विसरा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर नकाशा बघावा लागतो, आणि मुंबईचा बराच किनारा विमानतळ, नौदल नाहीतर अन्य बंदीखाली येतो. शिवाय पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात.

कार्ल्याला एकवीरेच्या चैत्रातल्या यात्रेला जाणार असाल तर गाभाऱ्यात कॅमेरा नाही, आणि शेजारच्या लेण्यांत पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ट्रायपॉड नाही.

एक अवांतर. याच उत्साहात पुढे कोणी अंदमानला जाऊन जारवांचे फोटो काढायचा बेत करू नये. तो थेट गुन्हा आहे, तुरुंगवासाची शिक्षा आहे. तिथे विचारून काढायचा प्रश्नच येत नाही.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार, इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन उपप्रश्न. जूनपासून सुरुवात करावी का, की मासेमारी बंद असते तेव्हा टिपण्यासारखं काही नसतं? आणि फोटोंच्या बदल्यात पैसे द्यावेत का?

भरती_ओहोटी

जूनमध्येच सुरू करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. होड्या वर ओढलेल्या, ताडपत्र्यांनी शाकारलेल्या असतात. बंदी उठायच्या आधीचे पंधरा दिवस सगळ्यात भरलेले: तळ खरवडणं, फटी भरणं, रंग, इंजिनाची कामं, जाळ्यांचे नवे दोर. सगळी माणसं जमिनीवर असतात आणि बोलायला वेळ असतो. सरकारी बंदी ३१ जुलैला संपते, तरी बरेच नाखवे नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाहीत. मग त्या दिवशी ज्या होडीचा फोटो घ्याल, तिला रंग लावतानाचाही तुमच्याकडे असेल.

पाटीवाली

पैसे नका देऊ. एकदा दिलेत की पुढचा प्रत्येक जण पोझ देऊन हात पुढे करेल, आणि गावात कोणाला दिले, कोणाला नाही यावरून भांडणं. होडीने नेलं असेल तर डिझेलचा वाटा द्या, तो व्यवहार आहे. कोणी दिवसभर सोबत फिरला तर त्याचा रोज बुडला, तो द्या.

बाकीच्यांना फोटो द्या. मोबाइलवर पाठवलेला हरवतो. छापून द्या, ६ बाय ८ इंच, आणि लॅमिनेट करून, कारण आमच्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते आणि साधा कागद दोन महिन्यांत बुरशी धरतो. मागे नाव, गाव, तारीख लिहा. पंधरा दिवसांत आणून दिलेत तर पुढच्या वेळी परवानगीचा कागद कोणी विचारणार नाही.

आणि फोटो विकायचे किंवा जाहिरातीला द्यायचे असतील तर ते आधीच सांगायचं आणि सही घ्यायची. कायद्याने फोटो तुमचा असला तरी तोंड तिचं आहे. मसाल्याच्या पाकिटावर स्वतःचा चेहरा दुकानात सापडला असं व्हायला नको.

उत्तनकर

+१. मी तर म्हणेन एक संच सोसायटीच्या ऑफिसातही ठेवा. किनाऱ्यावरच्या कुठल्याही प्रकल्पाची सुनावणी लागली की ‘इथे जाळी वाळवायची जागा होती’ हे दाखवायला तारखेसकट फोटो लागतात. त्यासाठी मात्र वलांडी, खळं, धक्का यांचे सरळ, रुंद, कंटाळवाणे फोटो घ्या: मागे ओळखीची खूण (देऊळ, चर्च, पाण्याची टाकी) आणि कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर लावलेली.